पिवळी होडी

प्रिय चंदना,

सगळं बदललं ते त्या मंगळवारी संध्याकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी. मी दुकानात एका गेम कन्सोलचा पंखा उघडून धूळ झटकत बसलो होतो आणि तू खांद्यावरची ऑफिसची बॅगही न उतरवता आत आलीस, फोन माझ्यापुढे धरलास. त्यावर लिहिलं होतं, हे खातं अस्तित्वात नाही. दीड वर्षं तू आणि तुझ्या बाबांनी, गुरुराज काकांनी, मिळून वसवलेलं ते गेममधलं तळ्याकाठचं गाव, घर, पायऱ्या, काकांची पिवळी होडी, काही उरलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? "सांगत होतो की नाही? हातात नाही ते आपलं नाही." तू "सरी, बरं" एवढंच म्हणालीस आणि निघून गेलीस. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे ती त्या मिनिटापासून. तेव्हा धीर झाला नाही. आताही झालाय असं नाही, म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं लिहितो. वाचत राहा, एवढंच.

दुकान बंद होतंय. शरच्चंद्र अण्णांनी पाटी उतरवली परवा. इंदिरानगरात एवढं भाडं भरून डिस्का कुणाला विकायच्या, असं ते गेलं वर्षभर म्हणतच होते. येणारी पोरं काउंटरवर उभी राहून फोनवरच खेळायची आणि आमच्याकडे मागायची ती चार्जिंगची वायर. एक गिऱ्हाईक नवा गेम घेऊन गेलं आणि तासाभरात परत आलं, डबीत डिस्कच नाही म्हणून. डबीत नुसता कोड लिहिलेला कागद होता. अण्णा त्याला म्हणाले, "अरे, आता डबी आपली, आतलं त्यांचं." सगळे हसले, मीही. संध्याकाळी मात्र ते एकटेच शेल्फ पुसत बसले होते. उद्या ती शेल्फं जाणार हे माहीत असून पुसत होते.

कॉलेज सोडल्यावर मला दारात उभं केलं ते याच माणसानं. तुला आठवत असेल तो दिवस. हजेरीवरून विभागप्रमुखांशी वाजलं आणि मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकून बाहेर पडलो, पाचवं सेमिस्टर अर्धं टाकून. वर्गातलं कुणी उठलं नाही. संध्याकाळी तू ते ओळखपत्र घेऊन बसस्टॉपवर आलीस. म्हणालीस, "ठेव हे. स्वल्प डोकं थंड झालं की लागेल." लागलं नाही, पण ठेवलंय. त्या फोटोत मी जसा दिसतो तसा तू मला शेवटचा बघितलास, असं कधीकधी वाटतं.

आपलं भांडण कायम एकच. तू म्हणायचीस, चाळीस-पन्नास हजारांचा डबा टीव्हीखाली ठेवून करायचं काय, सगळं तिकडे दूर कुठल्यातरी मशीनवर चालतं, आपल्याला फक्त चित्र येतं, तेवढं पुरे. मी म्हणायचो, उद्या ते बंद पडलं तर? तू म्हणायचीस, उद्या तुझ्या त्या पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत लाइट गेली तर? आणि लाइट जायचीच. शेजारच्या लेथच्या कारखान्यात मशीन सुरू झालं की माझ्या खोलीतला बल्ब मान टाकायचा आणि तू फोनवर खिदळायचीस. तुला हरवायला मला कधी जमलं नाही, कारण तुझ्याकडे काका होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर डाव्या हातात कप धरता न येणारा माणूस, के. आर. पुरमच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर भिंतीकडे बघणारा, तो तुझ्या फोनवर त्याच हाताच्या अंगठ्यानं होडी वल्हवायला शिकला. फिजिओथेरपीच्या बाईंनी जे तीन महिन्यांत केलं नाही ते त्या तळ्यातल्या माशांनी केलं. कन्सोल घ्यायचा म्हटलं असतं तर ते कधी झालंच नसतं. हे मी तुझ्यासमोर एकदाही कबूल केलं नाही. आज करतो.

मंगळवारनंतर आपण एकदाच भेटलो, मेट्रोच्या जिन्याखाली. तू गेमच्या कंपनीला तीन मेल केल्या होत्या. ते म्हणाले, खातेदाराशीच बोलू. खातं माझं होतं, तुला वाढदिवसाला पासवर्ड दिला होता मीच. तू म्हणालीस, तू लिही ना. मी म्हणालो, लिहिलंय, उत्तर नाही. आणि वर परत तेच पुराण लावलं, स्वतःची डिस्क असती तर, स्वतःचं मशीन असतं तर. तू ऐकून घेतलंस. मग हळू आवाजात म्हणालीस, "बाबा रोज विचारतात, होडी आली का परत. आणि तुला आनंद झालाय, अभिराज. आमचं गेलं याचा नाही, तुझं खरं ठरलं याचा." त्यानंतर तू माझा फोन उचलला नाहीस. बरोबर केलंस. पण रोज संध्याकाळी सात वाजले की माझा हात फोनकडे जातो. तू गावात शिरलीस की मला निरोप यायचा, 'आले रे', एवढाच. तेवढ्या दोन शब्दांवर माझा दिवस संपायचा. हल्ली तो संपतच नाही.

अण्णांनी दुकान आवरायला घेतलं तेव्हाच म्हणाले होते, काय हवं ते उचल. मी एक जुना कन्सोल उचलला आणि ढिगातून तोच गेम शोधून काढला, डिस्कवरचा. गेले दोन महिने तुझं गाव आठवून आठवून परत बांधतोय. घर तळ्याकडे तोंड करून, पायऱ्या सात, तुळस डावीकडे. होडीला पिवळा रंग मिळायला अकरा दिवस लागले. घरामागे तू काय लावलं होतंस ते काही केल्या आठवेना, तेवढी जागा रिकामी ठेवलीय. मासा एकही पकडलेला नाही, ते काकांचं काम. दुसऱ्या कंट्रोलरच्या डाव्या दांडीची स्प्रिंग बदलून नरम केलीय, बोट नुसतं टेकलं तरी होडी वळते. अण्णा म्हणाले, "एवढं नाजूक काम तुझ्या हातून? ताप आहे का तुला?"

आता ते. चंदना, खातं कंपनीनं बंद केलं नव्हतं. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी तू म्हणालीस ऑफिसचं काम आहे, भेटता येणार नाही. आणि मी तुला शंभर फुटी रस्त्यावर कॉफीच्या दुकानात बघितलं, तुझ्या टीमच्या श्रीहर्षबरोबर, समोर दोन लॅपटॉप उघडे. काम होतं, ते मला दिसत होतं. पण तू हसत होतीस, आणि माझं डोकं गेलं. फुटपाथवर उभ्याउभ्या मी खातं बंद केलं. तीनदा विचारलं त्यांनी, नक्की ना? दोन दिवसांनी सगळं कायमचं पुसलं जाईल. तीनदा हो म्हणालो. काकांची होडी त्यात आहे हे ठाऊक असून म्हणालो. मेल मी कधी केलीच नाही. तळ्याचं पाणी कुणी चोरलं नव्हतं गं, मीच बांध फोडला आणि तुला म्हणालो, बघ, तळ्यांचं असंच असतं. हे गाव ते नव्हे, मला कळतं. माफ कर असंही लिहवत नाही. फक्त तू ज्या कंपनीला शिव्या देतेस तिची चूक नव्हती, आणि तुझीही नव्हती.

हे शेवटचं त्या कन्सोलच्या खोक्यावर कागद ठेवून उभ्यानंच लिहितोय. आज रविवार, तू घरी असशील. पोस्टानं पाठवलं असतं तर तुझा चेहरा बघावा लागला नसता, म्हणून नाही पाठवत. दार काकांनी उघडलं तर खोकं त्यांच्यापाशी ठेवीन. तू उघडलंस तर आधी हे पत्र देईन आणि तू वाचेपर्यंत जिन्यात थांबेन. जा म्हणालीस तर जाईन, या खेपेला काही न फेकता. चपला घातल्या. पंखा बंद केला. कागद घडी करून खिशात टाकतो आणि दार ओढून घेतो.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
अभिराज