फक्त वर चढणारा किडा

स्टावांगर, सोमवार दुपार
(सर्वांत वरचा मजला, आणि निदान उद्यापर्यंत हाच मजला)

प्रिय गुदवेग मावशी,

तुला वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेली आहे. कंबर कालपासून सरळ होत नाही, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? न्हाणीघरातला नळ पुन्हा गोठला का? गोठला असेल तर बाबांना पेटता बोळा घेऊन त्याच्या जवळपास जाऊ देऊ नकोस, मागच्या वेळी पडदा गेला. मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं, ते माझ्यापर्यंत कसं पोचतं हे मात्र नंतर सांगते. लिफाफ्यात फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आहे. ती पत्र पूर्ण वाचून झाल्यावरच सोड, अशी इथल्या तुझ्या मैत्रिणीची सक्त ताकीद आहे, का ते मलाही सांगितलेलं नाही. कदाचित पत्राच्या आधी मीच घरी पोचेन, पण हे सगळं तोंडी सांगायची माझी छाती नाही, आणि फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, मला नीट बोलता येत नाही.

मी इथे का आले ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला काळजी करायची सवय जडली आहे, चार दिवस समुद्राकाठी सौम्य हवेत पाठवा. लगेच तू तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीला, थोर्दिसबाईंना, पत्र टाकलंस आणि त्यांच्या घरातली वरची खोली मला मिळवून दिलीस. त्या पत्रात तू मला ‘आमच्या खोऱ्यातली सर्वांत जपून वागणारी मुलगी’ म्हटलं होतंस, हे मला माहीत नव्हतं. थोर्दिसबाईंनी ते वाक्य दारातच मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हापासून माझा एकच घोर होता: मावशीचा शब्द पडता कामा नये.

तो शब्द खरं तर गाडीतच डळमळायला लागला होता. शेवटच्या तासाभरात खिडकीबाहेर हिरवंगार गवत आणि त्यात मेंढ्या दिसल्या. जानेवारीत, उघड्यावर. मी धावत जाऊन तिकीट तपासनिसाला गाठलं आणि कुणाची तरी जनावरं बाहेर राहून गेली आहेत, पुढच्या स्टेशनवरून निरोप द्या, असं कळकळीनं सांगितलं. तो बिचारा सभ्य होता. त्याने फक्त मी आतल्या मुलखातली का, एवढंच विचारलं. मी ट्युन्सेटची म्हटल्यावर त्याने मान डोलावली, जशी आपण आजाऱ्याचं दुखणं कळल्यावर डोलावतो. (त्यानंतर चार कळप दिसले. मी डोळे मिटून घेतले.)

निघताना आपल्याकडे उणे अठ्ठावीस होतं. इथे उतरले तर अधिक सात, आणि आडवा पाऊस. माझ्या अंगावर लोकरीचे दोन थर, त्यावर बाबांचा कातड्याचा कोट, आणि बुटांखाली तू दिलेल्या खिळ्यांच्या रबरी पट्ट्या, एका पायाला दहा खिळे. नोव्हेंबर ते एप्रिल खिळ्यांशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही हा आपल्या घरचा नियम, आणि बर्फ नसेल तर काय करायचं याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही. ओल्या फरसबंदीवर माझी पावलं टक टक वाजत होती. बंदरावर जाळी गुंडाळणारा एक म्हातारा म्हणाला, “घोडा कुठे बांधलास गं, पोरी?” मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्याकडे घोडा नाही.

थोर्दिसबाईंचं घर तीन मजली, सगळं लाकडी. त्या तळमजल्यावर राहतात, मधल्या मजल्यावर एगिलकाका (जन्मभर होड्या बांधल्या, आता निवृत्त), वर मी. बाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पायाशी जरा जास्तच रेंगाळल्या आणि किल्ली दिली. मी बॅग उचलून चढले. वर पोचल्यावर माझ्या खोलीच्या दारात रीतसर बूट काढले, ते कोपऱ्यात नीट लावायला वळले, आणि मागचा जिना दिसला. शरद ऋतूत नव्याने रंगवलेला करडा जिना. प्रत्येक पायरीवर दहा पांढरी भोकं. बत्तीस पायऱ्या. मावशी, तूच मला पाढे शिकवलेस, गुणाकार तूच कर.

आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू मला शिकवलं होतंस की चूक झाली तर आधी आपण जाऊन सांगावं, म्हणजे दुसऱ्यावर सांगायची वेळ येत नाही. मी तेवढ्याचसाठी मोजे घालून खाली गेले. पण बाईंनी बटाट्याचे उकडलेले गोळे वाढले होते, इथे गुरुवारी तेच असतात, आणि तोंडात तो गोळा असताना कुणाला काही कबूल करता येत नाही. चार गोळे खाल्ले. गिळून होईपर्यंत धैर्य गेलं.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला लाकडी पाटी लटकत होती: ‘या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची’. आता ही पाटी कुणी लावली, पाहुण्याला का लावली, असं कुणी विचारतं का? पाळीपाळीनं फिरणारी पाटी आपल्या दारावर आली की धुवायचं. मी शहर बघायला आलेली बाई, पहिल्या दिवशी बादली घेऊन गुडघ्यांवर. आणि जिना जितका स्वच्छ होत गेला तितकी भोकं उठून दिसायला लागली, म्हणून पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा धूत असताना एगिलकाका दारात आले, वाकले, चष्मा लावला आणि पांढरेफटक पडले. त्यांच्या मते ही लाकूड पोखरणारी कीड होती. चाळीस वर्षं त्यांनी होड्यांमधून कीड काढली, पण एका रात्रीत इतकी कधी पाहिली नव्हती.

शनिवारी दुपारी थोर्दिसबाईंकडे घराची बैठक बसली. वाफल्स होते, तपकिरी चीज होतं, वाफलचा वास जिन्यात दरवळत होता आणि माझ्या पोटात गोळा आला होता (हा बटाट्याचा नव्हे). एगिलकाकांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. सोमवारी माणूस बोलवायचा, घर ताडपत्रीत गुंडाळायचं, आत धूर सोडायचा. आठवडाभर सगळ्यांनी बाहेर राहायचं, बाईंच्या मांजरीसकट. त्यांना रात्रभर झोप नव्हती, हे डोळ्यांवरून दिसत होतं. मी तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा बाईंनी त्यात वाफल ठेवला.

मग त्यांनी कॉफी ओतता ओतता शांतपणे विचारलं, “एगिल, तुझा हा किडा फक्त वर चढतो, उतरत कसा नाही रे?”

एगिलकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर हे साठीपुढचे दोघं आणि एक मांजर माझ्या खिळ्यांपायी घराबाहेर पडणार.

मी उभी राहून म्हटलं, “किडा मी आहे.”

 मी वर जाऊन बूट घेऊन आले आणि टेबलावर ठेवले. (पालथे. वाफल्सच्या शेजारी. हीही चूकच.) एगिलकाकांनी खिळे मोजले, खिशातून कागद काढला, त्यावरच्या भोकांच्या नोंदीशी ताडून पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून चाळीस वर्षांची चिंता उतरावी तसं झालं. म्हणाले, “वाचलो. पण पोरी, बर्फ कुठे दिसला तुला?”

त्यांनी त्याच संध्याकाळी भोकं पुट्टी भरून बुजवली, मीही मदत केली. रविवारी दहा वाजता तिघांनी मिळून रंगवायचं ठरलं. पण माझी चूक आणि कष्ट दुसऱ्यांचे, हे मला सोसेना. म्हणून मी पहाटे पाचलाच उठले, हळूच रंगाचा डबा काढला आणि कामाला लागले. बाबा म्हणतात, कुठलंही काम पहिल्यापासून सुरू करावं. मी पहिल्या पायरीपासून सुरू केलं. सर्वांत खालच्या. मग वर, वर, मधल्या मजल्यावरची, काकांच्या दारापुढची जागासुद्धा, अगदी कोपऱ्यांपर्यंत, आणि साडेसातला माझ्या खोलीच्या दारात पोचून समाधानानं मागे पाहिलं.

या दमट हवेत तेलरंग दोन दिवस वाळत नाही.

एगिलकाका मधल्या मजल्यावर अडकले आहेत. काल सकाळपासून ते खिडकीतून अधूनमधून मला विचारतात की तुझ्या खोऱ्यात रंगारी विहिरीत उतरून मग दोर कापतात का. थोर्दिसबाई खालून बादलीत जेवण घालतात, मी दोरीनं ओढते, वाटेत काकांच्या खिडकीशी थांबते, त्यांचा वाटा निघतो. सूप बहुतेक त्यांच्याकडेच राहतं. अशा रीतीनं माझी शहराची सहल चालू आहे. खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसतो, आणि सौम्य हवा भरपूर येते.

तुझी, अजून जपूनच वागणारी,
योरुन

ता. क. बाबांना खोटं काही सांगू नकोस. फक्त खरं सगळं सांगू नकोस.

ता. क. २. डॉक्टरीणबाईंना मात्र सांग की गुण आला. कालपासून मला कसलीच काळजी नाही. व्हायचं ते सगळं होऊन गेलं.

ता. क. ३. हे बादलीतून पाठवणारच होते, इतक्यात थोर्दिसबाईंनी खालून हाक मारली, बाहेर बघ म्हणाल्या. त्यांनी त्यांच्या दारातली सतरंजी खिडकीशी आणून धरली होती, आणि मग ती जिथे अंथरलेली असते तिथल्या फळीचा, मोबाइलवर काढलेला फोटो मला पाठवला. मावशी, त्या फळीवर दहा-दहा भोकांची दोन पावलं आहेत. जुनी, मळ बसलेली, माझ्या पावलांपेक्षा बोटभर लांब. बाई म्हणतात, एकोणीसशे ब्याऐंशीचा फेब्रुवारी. तेव्हा त्यांच्या वडिलांनी कीड समजून अख्खी ओसरी उखडायला काढली होती, आणि पाहुणी आलेली मैत्रीण वाफल खात गप्प बसली होती. ही एक फळी त्यांनी हट्टानं राखली. आता मला कळलं, निघताना तू दोनदा ‘जिना जपून चढ गं’ का म्हणालीस. मी समजले होते, माझ्या गुडघ्यांसाठी.

त्या रागावलेल्या नाहीत. उन्हाळ्यात ये म्हणतात, मीही सोबत येईन. आता फडकं सोड. आतली जिना धुण्याची पाटी तुझ्या दारावर लाव.