दुसरा ब्रेक

३ मार्च, सोमवार

गाडी बंद पडली. पुलाच्या मधोमध. आणि चालवत होत्या सासूबाई!

धूर नाही, आवाज नाही, कुरकुर नाही. समोरचा पडदा एकदम काळा. गाडी विजेची, बॅटरी त्र्याहत्तर टक्के होती — दोन मिनिटांपूर्वीच मी पाहिली होती, शपथेवर सांगते. मागे बसचा भोंगा, बसच्या मागे आणखी दहा भोंगे. टपावर आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची हीऽ मोठी पाटी — ‘विश्वासाने शिका. फक्त महिलांसाठी.’ बसमधले सगळे ती मोठ्याने वाचत होते. धरणीने पोटात घ्यावं म्हटलं तर पुलावर धरणी कुठली?

आई मात्र ढिम्म. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. तब्बल चाळीस मिनिटं!

“आई, हात काढा आता. गाडी बंद आहे.”

“तूच म्हणालीस ना, मी सांगेपर्यंत हात काढायचे नाहीत?”

“मग सांगतेय ना आता!”

“आत्ता तू घाबरलीयस. घाबरलेल्या माणसाचं गाडीत ऐकू नये, हेही तूच शिकवलंस.”

टोइंगवाला आला, तर त्याला विचारतात, इंडिकेटर कुठला देऊ?

४ मार्च

मेकॅनिक म्हणतो, मोठी बॅटरी ठणठणीत. पण पडदा, कुलपं, दिवे चालवायला एक छोटी बॅटरी वेगळी असते, ती मेली. म्हणजे हत्ती खाऊनपिऊन तयार आणि माहूत आडवा! नवी बसवून दिली. “आता बघायला नको.”

गाडी विकणाराही हेच म्हणाला होता.

जुनी पेट्रोलची गाडी निदान आधी आजारी तरी पडायची. खोकायची, कण्हायची, आपल्याला मनाची तयारी करायला वेळ द्यायची. ही हसतखेळत गेली. अशा माणसांचाच मला जास्त धसका आहे.

६ मार्च, गुरुवार

आईंची परीक्षा वीस तारखेला. तिसरी. पहिल्या वेळी रस्त्यात कबुतर बसलं होतं, ते उठेपर्यंत थांबल्या. दुसऱ्या वेळी ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत सगळ्या गावाला पुढे जाऊ दिलं आणि परीक्षेची वेळ संपली. आता नापास झाल्या तर वर्षभर अर्ज करता येत नाही. अडुसष्टाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काही माझ्यासारखं नाही. परीक्षा स्कूलच्याच गाडीत द्यायची असते. माझ्याकडे गाडी एकच. हीच!

या वयात लायसन्स कशाला हवंय, हे विचारून थकले. “आहे काम,” एवढंच.

गाडीत आता दोर, टॉर्च, पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री आणि चालायचे बूट ठेवले आहेत. नवरा चष्म्याच्या दुकानातून घरी आला, डिकी उघडून बघत म्हणाला, “शिकवायला निघालीस की डोंगर चढायला?”

बोलले नाही त्याच्याशी. ‘आवाज नाही, त्रास नाही, हीच घे’ म्हणणारा तोच.

७ मार्च

७१ टक्के. ७०. ७०. ६९. दिवसभर काही झालं नाही. म्हणजे उद्या नक्की होणार.

११ मार्च, मंगळवार

झालं! नवीनच दुखणं. बँकेतल्या बाई शिकत होत्या, वळणावर गाडीने गचका खाल्ला. “मॅडम, ब्रेक आपोआप लागला!” मी म्हटलं, तुमचा पाय लागला असेल. त्यांचा चेहरा पडला. पण दुपारी दाताच्या डॉक्टरीणबाईंनाही तेच. सिग्नलपाशी तर दोनदा!

मेकॅनिककडे नेली. कॉम्प्युटर जोडला, चाकं काढली, पुन्हा बसवली. म्हणे काही नाही. गाडीही अशी लबाड की त्याच्यासमोर शहाण्या सुनेसारखी वागते.

दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार. यात माझं काय चुकलं?

१२ मार्च

समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मिशीवाले स्वतःहून आले. “वहिनी, परीक्षेपुरती माझी पेट्रोलची न्या. शेजारधर्म!” मिशीत हसत होते, ते मला दिसलं. तरी मी हो म्हणणारच होते.

आई म्हणाल्या, “अगं, एकदा अडखळली म्हणून टाकून द्यायची? बाळंतपणानंतर महिनाभर तू माझ्यावर खेकसत होतीस. मी काय दुसरी सून बघायला गेले?”

मिशीवाले मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण ते गेल्यावर.

१४ मार्च, शुक्रवार

पुन्हा मेकॅनिक. पुन्हा काही नाही. गचके चालूच. बँकेतल्या बाईंनी शिकणं सोडलं. “मला नाही जमायचं हो,” म्हणाल्या.

ही गाडी माझं ड्रायव्हिंग स्कूल बुडवणार. विकते हिला. आईंची परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी.

१७ मार्च, सोमवार

हे लिहू की नको असं झालंय. लिहितेच.

मेकॅनिक वैतागून म्हणाला, मीच बसतो मागे. आई चालवायला, मी शेजारी, तो मागच्या सीटवर मधोमध, मान पुढे काढून. दोन किलोमीटरमध्ये चार गचके.

“थांबवा बाई. सापडला बिघाड.”

“कुठे आहे?”

“तुमच्या पायात.”

शिकवणाऱ्याच्या पायाशी एक दुसरा ब्रेक असतो, आणीबाणीला दाबायचा. माझा बूट त्याच्यावरच होता. तो म्हणाला, दर गचक्याला आधी तुमचा गुडघा हलतो. मला पत्ताच नाही! तो दाबला की खरं तर शिट्टी वाजते. पण बायका दचकतात म्हणून ती शिट्टी मीच मागे काढून टाकायला लावली होती. त्याच्याकडूनच!

“आई, तुम्हाला कळत होतं?”

“पुलावरनं आल्यापासून दाबतेस की.”

“मग बोलायचं नाही का?”

“म्हटलं दाबू दे. तुला बरं वाटत असेल.”

मेकॅनिकने पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं. लाज वाटली, फार वाटली. गाडीची बदनामी केली ते सोडा, तिला काय कळतंय. पण सहा बायका आठवडाभर घरी जाऊन सांगत होत्या की मला जमत नाही. आणि मी त्यांना म्हणत होते, तुमचा पाय लागला असेल.

१८ मार्च

शिट्टी परत बसवून घेतली. आज अकरा वेळा वाजली. डॉक्टरीणबाई मोजत होत्या.

बँकेतल्या बाईंना फोन केला. खरं काय ते सांगून टाकलं. मग म्हणाल्या, “म्हणजे ते वळण मी बरोबर घेतलं होतं?” एकदम बरोबर, म्हटलं. सोमवारपासून येणार आहेत. मी असते तर आले नसते.

२० मार्च, गुरुवार

परीक्षक माझ्या जागेवर बसले. मी बाहेर बाकावर. आई आरसा नीट करून निघून गेल्या, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

बावीस मिनिटं. गाडी कुठेतरी पुलावर काळी पडून उभी आहे, हे मी तीनदा डोळ्यांसमोर पाहिलं. एकदा उठून फाटकापर्यंत गेले. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी त्यांची पाण्याची बाटली न विचारताच माझ्या हातात दिली. गाडी परत आली तेव्हा आवाजही आला नाही. मान वर केली तर समोर उभी.

पास!! परीक्षक म्हणाले, “शांत हात आहे यांचा.”

मी आईंना मिठी मारली. विचारलं, “या वेळी कसं जमलं हो?”

“शेजारी कुणी घाबरलेलं नव्हतं,” म्हणाल्या. रागाने नाही. आज हवा छान आहे म्हणावं तसं.

गाडी विकणार नाही.

३० मार्च, रविवार

आईंना पोचवायला गेलो. पोचवायला कसलं, त्याच चालवत होत्या. त्यांची धाकटी बहीण एकटी पडलीय, दारात तिच्या यजमानांची गाडी दोन वर्षं धूळ खात उभी आहे — तीही विजेचीच! आता दोघी तिकडेच राहणार. लायसन्स त्यासाठी हवं होतं. “मनात आलं की उठून तुमच्याकडे येता यावं. कुणी न्यायला यायची वाट बघत नाही बसायची मला.”

नवरा पुढे, मी मागे, चार खोकी आणि शिवणयंत्राच्या मध्ये. वाटेत रडायचं ठरवलं होतं. झोप लागली. मी शिकवलेली बाई गाडी चालवतेय आणि मला झोप लागली, असं आजवर कधी झालेलं नाही.

जाग आली तेव्हा गाडी त्यांच्या नव्या दारात उभी होती.