पट्टा काढल्यावरची धडधड

१२ मार्च
पोटातल्या बाळाचे ठोके मोजणारं आमचं यंत्र. पट्टा आईच्या पोटावरून काढलेला, वायर टेबलावरून लोंबतेय — आणि पडद्यावर बाळाचे ठोके चालूच! प्रसूती वॉर्डातल्या सिस्टरांनी हाताला धरून नेऊन दाखवलं. "मॅडम, यंत्र तुमचं. हे बाळ कुणाचं, ते तुम्हीच सांगा."
अंगावर काटा आला.

१३ मार्च
ऑफिसात करून पाहिलं. एकदाही होत नाही.

१५ मार्च
झालं! वायर सैल केली की होतं.
ठोके दाखवणारा प्रोग्राम आकड्यांसाठी मेमरीतली एक जागा पुढे करतो — बफर. सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग, कर्नल, ती भरतो आणि किती भरली तेही सांगतो. त्या शब्दावर सगळं चालतं. कर्नलमधला मी लिहिलेला तुकडा मात्र वायर सैल झाली की काहीच भरत नव्हता, आणि सांगत होता — 'पूर्ण भरली'! मग पडद्यावर आधीचंच, पुन्हा पुन्हा.
ऑफिसातले सगळ्यात जुने इंजिनिअर — सगळे त्यांना आजोबाच म्हणतात — म्हणाले, "भूत कसलं गं? वाटी न विसळता पुढे केलीस. उष्टं आहे ते."
मला हसू येईना. खऱ्या बाळाचे ठोके बुडत असते, तर?

१६ मार्च
मेमरी 'मोकळी केली' म्हणतो आपण. म्हणजे नुसता हक्क सोडतो! आत सगळं तसंच, कुणी वर लिहीपर्यंत.
वॉर्डातलं ते यंत्र त्या दिवसापासून चालूच, बाजूला ठेवलेलं. बंद न करता आतले आकडे काढले, कागदावर ठिपके जोडले — ठोके! त्या दिवशी पडद्यावर दिसलेलं बाळ एव्हाना जन्मलं, आईच्या कुशीत झोपलंय. आणि जन्माआधीची त्याची धडधड इथे, माझ्या बोटाखाली. नकळत हात जोडले गेले.
आईला फोनवर म्हटलं, "यंत्र काही विसरत नाही गं."
"बरंय की. तू डबा विसरलीस."

२० मार्च
दुरुस्ती एवढीशी! जागा आधी पुसायची. भरलं तेवढंच सांगायचं. नसेल तर 'काही नाही' म्हणायचं.
सिस्टरांनी स्वतः वायर उपटली. रेघ गेली, घंटा वाजली. "आता खरं बोलतंय," म्हणाल्या.

२२ मार्च
सिस्टरांचा फोन. सकाळी एका बाईची वायर सैल झाली. घंटा ऐकून धावल्या, वायर खोचली — ठोके बुडत चाललेले. लगेच ऑपरेशन. आधीचं यंत्र असतं, तर पडद्यावर सगळं छान दिसत राहिलं असतं.
"मुलगी झाली. ऐका —" म्हणाल्या, आणि फोन तिच्याजवळ धरला.
काय रडत होती!