चिठ्ठीतली वेळ

अण्णा,

"पक्ष सोडायचा नाही, आणि त्याला फार पुढे पळूही द्यायचं नाही," असं तुम्ही ओटीवर सुपारी कातरताना म्हणाला होतात. पक्षाच्या महाड तालुका सभेत जुन्या मताच्या मंडळींचे तुम्ही पुढारी, आणि मी बारा वर्षांची. तुमची नजर अधू होत चालली होती, म्हणून तुम्हीच मला लिहायला शिकवलंत. आळीत दुसऱ्या कुठल्या मुलीच्या हातात टाक नव्हता. तुमचे सोबती चिडवत, "पोरीला कारकून केलंत, आता नवरा कुठला आणणार?" तुम्ही म्हणायचात, "हिच्या चुका काढील असा." मी दिवसभर सुखात असे.

त्या खेपेला सभा आपल्याच पडवीत होती. अस्पृश्य सभासदांनी अंगणात न बसता आत जाजमावर बसावं की नाही, याचा ठराव यायचा होता. त्यांची मतं पडली असती तर तो झालाच असता. तुम्ही मला आमंत्रणाच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलंत. आपल्या मंडळींना एक वाजता, त्यांना तीन. मी विचारलं, "वेगळी वेळ का?" "लांबून येतात. घाई नको त्यांना," तुम्ही म्हणालात. खरं कारण मला कळलं होतं. तरी तीनचा आकडा मी वळणदार काढला.

अडीचला ठराव पडला, सभा उठली. मी जाजम गुंडाळतेय, तोच वरंधहून चालत आलेले एक म्हातारे सभासद अंगणात उभे. त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "बाय गो, मला वाचता येत नाय. मास्तरनी तीन सांगितलं. माजंच कायतरी चुकलं काय?" तुम्ही दारातच होतात. "होतं असं कधी कधी," म्हणालात, आणि मला गूळपाणी द्यायला सांगितलंत. मी वरून पाणी ओतलं, ते ओंजळीनं प्याले. "फुडल्या खेपेला सकाळीच येऊन बसतो," म्हणाले, हसले, आणि आल्या वाटेनं गेले. संध्याकाळी तुम्ही भरल्या पानावरून उठलात. पोट बिघडलंय म्हणालात. मी जवळ येऊन बसले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात मला अजून हवासा वाटतो.

गेल्या महिन्यात भोरला जाताना एसटी वरंधला थांबली. त्या म्हाताऱ्यांचं कुणी आहे का, उतरून विचारायचं ठरवून मी निघाले होते. गाडी सुटेपर्यंत मी पिशवीत काहीतरी शोधत बसले.

अण्णा, तिकडे वर ते भेटले तर एवढंच सांगा, की त्यांचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही सांगणार नाही. मला तरी कुठे जमलं.