'माय वं' निघालंच नाही

घाटंजी, रविवार, संध्याकाळ

कायले एवढी घाबरली मी? सिनेमाच तं होता.

दुपारी रुचीसोबत मोबाइलवर पाहिला. त्यातला हिरो माणूस की मशीन, हे शेवटपर्यंत सांगतच नाहीत. मी म्हटलं, माणूसच होय, आठवणी काढून रडते बिचारा. पोरगी म्हणे, "मम्मी, मशीन हाय तो. हात जळला तं पहिले हाताकडे पाहिलं त्यानं, मंग 'माँ' म्हणाला. माणसाच्या तोंडातून 'माय वं' आपोआप निघते." मी हसली. म्हटलं, तुले लय समजते!

मंग आता भाकर उलटवताना तव्याले बोटं चिकटली. मी हात ओढला, बोटांकडे पाहिलं, अन् दुसरी भाकर थापाले घेतली. रुची दारातच उभी होती.

"मम्मी, तू ओरडली काहून नाही?"

काहून नाही ओरडली? माय होती तवा साधी ठेच लागली तरी 'माय वं' निघे. दिवाळीच्या आधी ती गेली. त्यानंतर एकदा तरी? आठवून पाहून राह्यली. विळीनं बोट कापलं तवा नाही. गाडीवरून पडली तवाही नाही.

बोटावरचा फोड टरारून फुगला. आत्ता त्यावर नख दाबलं. दुखलं, चांगलंच दुखलं. मंग म्हणून पाहिलं, "माय वं."

पहिले फोडाकडे पाहिलं, मंग म्हटलं. अगदी त्या हिरोसारखं.