रोशनीच्या पेटीतले शंभर कोष

२१ ऑगस्ट २००६

टेम्पो थेट अंगणात घातला! कोसा रेशमाचे कोष वाळत होते, ती चटई ओढायलाही वेळ दिला नाही. एक लोखंडी सांगाडा, आरशासारखा वाकवलेला पत्रा, काचेची नळी, लाकडी पेटी आणि एक डबा. डब्यात काळं पाणी. रोशनी म्हणते, "बाबा, हात नोका लावू." माझ्याच अंगणात, माझ्याच लेकीने मला सांगायचं!

तिची आई गोकुळा तिच्या मागे-मागे फिरते. नवा जावई आल्यासारखी.

२२ ऑगस्ट

झोप नाही. त्या काळ्या पाण्याला वास नाही. वास नसलेल्या वस्तूवर माझा भरवसा नाही.

२४ ऑगस्ट

आज तिने समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पाण्यात तांब्याची काळी भुकटी आहे म्हणे. इतकी बारीक की केसाच्या जाडीत हजार कण मावतील. नाव नॅनोफ्लुइड. साधं पाणी ऊन वरवर घेतं, हे आतून पितं. पत्र्यावरचं ऊन नळीवर पडतं, काळं पाणी तापतं, ती ऊब पेटीत जाते आणि पेटीतल्या कोषातला किडा मरतो. लाकूड नको, धूर नको. यावर ती नागपुरात पीएच.डी. करते. चार वर्षं झाली.

वर मला शिकवते — किडा मेला नाही तर पाखरू होऊन कोष फोडतो आणि धागा तुटतो! अगं, चाळीस वर्षं अख्ख्या टोल्याचे, घराघरातले कोष माझ्या हंडीत वाफवले जातात. वाफेच्या वासावरून मी सांगतो, आता मेला, उतरवा. आरमोरीपर्यंत लोकांना माहीत आहे.

शेजारचा हरिदास कुंपणावरून बघत होता. "इस्तारीभाऊ, हंडीत आता कोंबडी बसवा जी अंड्यावर!" सगळे हसले. गोकुळापण.

२६ ऑगस्ट

रोशनी एसटीडी बूथवरून तिच्या सरांशी बोलली. बिरजूच्या बूथचं दार लागत नाही, सगळं बाहेर ऐकू येतं. "सर, माझ्या आईच्या छातीत तीस वर्षांचा धूर आहे." असं म्हणाली. जणू मीच नळीने फुंकून भरला! गोकुळा खोकते, हे खरं. हंडीखालचा जाळ तीच बघते, हेही खरं. पण जाळापुढे बस, असं मी कधी म्हणालो? पहिल्यापासून तीच बसते.

बूथवर चार माणसं होती. आता सगळ्या टोल्यात झालं.

२८ ऑगस्ट

शंभर कोष मागितले. नाही म्हणणार होतो. गोकुळाने आतून आवाज दिला, "द्या ना जी, पोरगी भीक थोडी मागून राह्यली!" शेवटच्या तोडणीचे, उशिरा फुटणारे दिले. चांगले कशाला देऊ?

सकाळी ढग. मनात म्हटलं, बरं झालं. अकराला ऊन पडलं आणि काच तापली. रोशनी दर पाच मिनिटाला आकडा लिहीत होती. एक वाजता ओरडली, "आई, गाठलं तापमान!" मग पुन्हा ढग, पुन्हा ऊन. चारला पेटी उघडली. कोष कढत होते, हाताला चटका बसला. तेव्हाच मला कळून चुकलं. मेले. हंडीशिवाय, वाफेशिवाय, माझ्याशिवाय.

कोष ओवून माळ केली आणि परसातल्या छपराला टांगली. गणपतीनंतर सर येऊन बघणार. एकही पाखरू निघालं नाही तर यंत्र खरं. मग तिची शिष्यवृत्ती पुढे चालणार आणि यंत्र बाकीच्या गावांत जाणार. निघालं तर काम बंद.

३० ऑगस्ट

केलं.

दोघी बाजाराला गेल्या होत्या. तिची माळ उतरवली आणि माझ्या बियाण्याची, न वाफवलेल्या जिवंत कोषांची एक माळ तिथे टांगली. पहिल्या तोडणीची, आठवड्यात फुटणारी. दिसायला सारखीच. तिचे शंभर टोपलीत घालून माळ्यावर ठेवले. कोष फेकत नाहीत, मेला तरी. कानाशी नेऊन हलवून पाहायची माझी सवय आहे. पाहिलं नाही. मेलेल्याचं काय ऐकायचं?

३१ ऑगस्ट

गोकुळा विचारते, जेवत काऊन नाई? काय सांगू!

८ सप्टेंबर

सर आले. तरुणच आहेत, चष्मा. माझ्या पाया पडले, मला आवडलं नाही.

काल संध्याकाळपासूनच पाखरं निघत होती. सकाळी माळेवर नऊ बसलेली, पंख पसरून, पिवळी. पंखांवर ते डोळ्यासारखे ठिपके. सरांनी एकेक पाखरू मोजलं. मग म्हणाले, "रोशनी, कोषाच्या आत उष्णता पोहोचलीच नाही. इथलं काम थांबवू या."

रोशनी रडली नाही. वही काढून आकडे दाखवत राहिली. सर, हे बघा. सर, एक वाजता बघा. सरांनी वही हळूच मिटली.

हरिदास टोल्यातल्या आणखी दोघांना घेऊन आला होता. "हे काय जी, पोरीनं तर पाखरं उबवले!" मी हसलो नाही. हसायला हवं होतं ना? जिंकलो ना मी?

९ सप्टेंबर

गोकुळाने हंडी घासून चुलीवर ठेवली.

१२ सप्टेंबर

बाकीच्या बियाण्याच्या पाखरांची अंडी फुटली. अळ्या येनाच्या झाडांवर सोडल्या, मी राखणीला रानात. कोसा झाडावर असेपर्यंत हळद नाही, मासळी नाही, खाटेवर निजणं नाही. खोटं बोलणं नाही. माझ्या बाबांनी तोडलेल्या फांदीवर हात ठेवून मला सांगितलं होतं: खोटं अंगावर घेऊन येनाखाली गेलास तर अळी उलटी लटकते.

मी काही बोललोच नाही. न बोलणं खोटं असतं का?

१४ सप्टेंबर

तीन झाडांवर अळ्या काळ्या पडून उलट्या लटकल्या. डोकं खाली.

१५ सप्टेंबर

सात झाडं. काल रात्री पाऊस होता, पावसाने होतं कधीकधी. पण सात!

१६ सप्टेंबर

दुपारी रानातून घरी आलो. रोशनी सांगाडा सुटा करत होती, बोल्ट काढत. तिथेच सांगितलं. माळ मी बदलली.

पाना खाली ठेवला तिने. "काऊन?"

"माझ्या अळ्या मरून राह्यल्या."

"ते नाई विचारलं मी. बदलली काऊन?"

काय सांगणार, तुझं यंत्र खरं निघालं म्हणून? तेच सांगितलं शेवटी. ती हसली! इतक्या दिवसांनी हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. मग वही पुढे केली. "लिहून द्या. सही करा. तारीख टाका."

"बापाकडून लिहून घेते?"

"बापानं चोरी केली तर कोणाकडून घेऊ?"

गोकुळा दारात उभी होती. म्हणाली, "लिहा." एवढंच.

लिहिलं. पेटीतले कोष मेले होते, हे माझ्या हाताला कळलं होतं, मी चाळीस वर्षांचा जाणकार आहे — असंही तिने लिहायला लावलं. हे आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाली. ते शंभर कुठे आहेत, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर

सकाळच्या बसने नागपूरला गेली. माझा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

१९ सप्टेंबर

कालपासून नवी अळी लटकलेली नाही. म्हणजे बाबांचं खरं होतं.

रानातून भाकरी न्यायला घरी आलो तर बिरजू निरोप घेऊन बसलेला. सरांनी माझा कागद वाचला. दहा पेट्या करायला टाकल्या, सगळ्या आपल्या भागात येणार. रोशनीचं काम पुन्हा सुरू! हरिदासने यंदा हंडीसाठी लाकूडच आणलं नाही. मागून ओरडला, "भाऊ, पहिली पेटी माह्या घरी लावा जी, शेजारी हाओ!" टोल्यातली निम्मी घरं त्याचंच ऐकतात. गोकुळाने माझी हंडी टोल्यातल्या कोलूच्या बायकोला देऊन टाकली, विचारलंसुद्धा नाही. रिकामी चूल सारवून बसली आहे.

२१ सप्टेंबर

माळ्यावर फडफड. टोपलीचं झाकण काढलं. पेटीतले तेच शंभर. सतरा पाखरं बाहेर, आणखी कितीतरी कोषांची तोंडं ओली, फुटायच्या बेतात.

धावत बूथवर गेलो. नागपूर लागलं. पेटीतले मेलेच नव्हते, सगळं सांगितलं, श्वास न घेता.

रोशनी म्हणाली, "बाबा, पुन्हा बदलले?"

आणि फोन ठेवला.