सासऱ्याचा सल्ला आणि अडतीस नायक

इंदिरानगर, नाशिक
गुरुवार, दुपार

ती. निवृत्तीमामांस, जावई रवीचा प्रेमाचा सलाम.

इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी एकटाच आहे आणि मला ताप नाही. तुमचा गुडघा कसा आहे? प्रतिभा तेल लावून देत असेलच. ती 'चार दिवस' म्हणून मनमाडला आली, आज अकरावा (मी मोजत नाही, कॅलेंडर समोरच आहे). फोन केला की ती उचलते आणि ठेवते, म्हणून हे पत्र. तिने तुम्हाला काय सांगितलं ठाऊक नाही, माझी बाजू अशी.

दर रविवारी उपासनेनंतर मी आमच्या चर्चच्या मंडळीत 'पवित्र शास्त्रातले पुढारी' या विषयावर धडे देत होतो. नोहाकडून चिकाटी घ्यावी, नहेम्याकडून नियोजन, योनाकडून काय घेऊ नये, असं करत आठव्या धड्याला मोशेचा सासरा इथ्रो आला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्याय करत बसतो आणि सासरा त्याला म्हणतो, बाबा, अशाने झिजून जाशील, हजारांवर, शंभरांवर, दहांवर नायक नेम. हे सांगताना माझे डोळे भरून आले (सासरा हा विषयच तसा). पाळकसाहेबांचेही आले आणि त्यांनी हंगामाच्या सणाचं जेवण माझ्यावर सोपवलं.

मला सोडून मंडळीत माणसं एकोणचाळीस. मी अडतीस नायक नेमले. भाताचा, वरणाचा, पाण्याचा, चटयांचा, चपलांचा. सरुबाईंना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याकडे तक्रारी दिल्या. सगळ्यांना निळे बिल्ले. राहिली एकटी प्रतिभा (घरचंच माणूस, तिला कशाला बिल्ला).

सणाच्या सकाळी पुढाऱ्याला जे उरतं ते मला उरलं, म्हणजे चिंतन. मंडळीच्या देवळामागच्या चिंचेखाली खुर्ची टाकली. धुकट ऊन पडलं होतं, आत गीत चाललं होतं, डोळा लागला. स्वप्नात मी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढत होतो, पण वर लेणी नव्हतीच, सीनाय पर्वत होता. खाली पार चांदवडपर्यंत तंबू पसरले होते, प्रत्येक तंबूपुढे निळ्या बिल्ल्याचा माणूस उभा आणि चूल कुठेच पेटलेली नाही. मला ते फार सुंदर वाटलं. एक बाई तेवढी पाठमोरी, धुरात काहीतरी ढवळत होती. मग ढगातून वाणी झाली, "अहो, उठा, निदान ताटं तरी मांडा."

झालं होतं असं, की भाताच्या नायकाने उपनायक नेमला, उपनायकाने बायडाबाईंना तांदूळ धुवायला सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "मी चटयांची हाय, तांदळाला हात नाय लावणार." चांदवडच्या मंडळीचे साठ पाहुणे आले तेव्हा चूल थंडगार. प्रतिभाने सणाच्या साडीचा पदर खोचला आणि एकटीने शंभर माणसांची खिचडी रांधली.

मग मी आभार मानले. अडतीस नावं न चुकता घेतली, चपलांच्या नायकाचं तर दोनदा. प्रतिभाचं नाव यादीतच नव्हतं. ती पातेली घासून आली, माझ्या हातात खिचडीचा खरकटा डाव ठेवला आणि मनमाडची बस धरली.

तेव्हापासून संध्याकाळी गच्चीवर बसतो. लेण्यांचा डोंगर धुक्यात हळूहळू विरत जातो आणि मला वाटतं, आता खालून हाक येईल. येत नाही. मामा, तिच्याशिवाय मला करमत नाही. डाव अजून घासलेला नाही.

बाकी गुडघ्याला जपा, थंडीत जिने चढू नका.

तुमचा (बिल्ला परत केलेला)
रवी

ता. क. निर्गम, अध्याय अठरा. इथ्रो सल्ला द्यायला एकटा आला नव्हता. मोशेची बायको सिप्पोरा माहेरी होती, तिला घेऊन आला. हे मी आठव्या धड्यात गाळलं होतं. शनिवारी तुम्हाला सवड आहे का?

ता. क. दुसरा. पुढे लिहिलंय, मोशे सासऱ्याला सामोरा गेला, नमन केलं, मुका घेतला, खुशाली विचारली. बायकोशी काय बोलला ते कुठेच नाही. मी तीनदा शोधलं. तेव्हा स्टेशनावर मी आधी तिच्याशी बोलेन, तुम्ही जरा मागे थांबा (मुक्याचं तेवढं माफ करा). आणि अध्यायाच्या शेवटी इथ्रो एकटाच घरी परततो, म्हणून परतीचं तिकीट एकच काढा.